विसार देण्यापूर्वी

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपला शेतकरी काय काय करतो ते एकदा आठवा. तो दात पाहतो, खुरे उचलून पाहतो, बैलाला चार पावले चालवितो, जमले तर नांगराला जुंपून बघतो, आणि एवढे झाल्यावरही गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला ‘जरा येऊन नजर टाका’ म्हणून बरोबर नेतो. तोच शेतकरी जन्माची पुंजी घालून घर विकत घेतो तेव्हा भिंतीचा रंग पाहतो, नळ सोडून बघतो, दाराची दिशा विचारतो आणि खिशातून विसाराचे पैसे काढतो. वाचकहो, हे मी कोणाची थट्टा करण्यासाठी लिहीत नाही. या चुकीत मी स्वतः वाटेकरी होतो.

माझे एक चुलतबंधू तीस वर्षे आखातात नोकरी करून परत आले. निपाणीच्या बाजूला, आपल्या माणसांत, एखादे तयार घर घेऊन उरलेले दिवस काढावे असा त्यांचा विचार. एका नव्या वसाहतीत, नदीपासून फारसे लांब नसलेले, स्लॅबचे दुमजली घर त्यांना दाखविण्यात आले. किंमत बावीस लाख. एप्रिलचे ऊन पडलेले, भिंतींना ताजा पिवळा रंग, दारात जास्वंद. दादांनी मला मुद्दाम बोलावून नेले. मी अंगणात उभा राहिलो, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि ‘घर भक्कम आहे’ असा निर्वाळा दिला. चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविलेला माणूस मी. माझ्या शब्दाला घरात मान. परंतु घराच्या भक्कमपणातले मला काय कळत होते? काडीमात्र नाही. दादांनी त्याच दिवशी एक लाख रुपये विसार दिला आणि चार ओळींची पावती घेतली.

परत येताना वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? आतल्या भिंतींना कमरेइतक्या उंचीपर्यंतच नवा गिलावा का केला असेल?”

“ओल येते वहिनी, म्हणून करतात लोक,” मी म्हणालो.

“पण ओल येते कुठून?”

दादा हसले. “हिला कुठेही खुसपट सापडतेच,” असे म्हणून त्यांनी विषय बदलला. वहिनींनी मात्र तो सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या वसाहतीत गेल्या आणि शेजारणीशी नळावर बोलून आल्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत त्या घरात पाणी शिरले होते. दुसऱ्या खेपेस ते कमरेइतके चढून दोन दिवस उभे होते. जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली होती, हे आपणा सर्वांना आठवत असेल. ज्या पाण्याने महामार्ग अडविला, त्याने काठची घरे वगळली असतील असे आम्ही मानले तरी कसे!

तेव्हा कुठे आम्हांला शहाणपण सुचले आणि आम्ही एका स्थापत्य अभियंत्याला गाठले. त्यांनी सात हजार रुपये सांगितले. दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, “अरे, भिंतींकडे बघायला सात हजार?” बावीस लाखांचे घर मी फुकट पाहून दिले होते, त्याचा त्यांना आनंद वाटत असावा. आता तो निर्वाळा केवढ्याला पडला असता ते पुढे येईलच.

अभियंता सकाळी नऊ वाजता आला आणि पहिला अर्धा तास तो घरात शिरलाच नाही. आधी तो आजूबाजूची घरे पाहत हिंडला. शेजारच्या तीन घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघालेल्या होत्या, त्या त्याने आम्हांला दाखविल्या. मग म्हणाला, “ही जमीन काळी आहे.”

आपल्या भागातील जमिनीविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण घराच्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. चिकोडी, रायबाग, अथणीकडे आणि नद्यांच्या काठाने काळी, चिकण माती आहे. ती कपाशीला उत्तम, पण पायाला घातक. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खाली बसते, आणि सगळे कोपरे सारखे उचलले जात नाहीत, म्हणून भिंत तिरपी फाटते. यावर उपाय नाही असे नव्हे. पाया काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यावा. आणि काळी माती फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खुंट जमिनीत उतरविण्याची पद्धत कधीच तयार करून ठेवली आहे. बेळगावच्या पश्चिमेस आणि खानापूरकडे तांबडी माती व जांभा लागतो, तेथे हे संकट नाही. तेथील शत्रू पाऊस. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर कठीण होतो, पण पाणी शोषतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात गिलावा नसलेली जांभ्याची भिंत आतून ओली राहिली तर त्यात नवल नाही.

वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला आपण देवळात किती वेळा ऐकला असेल. ऐकताना तो अंतःकरणाविषयी आहे असे आपण समजतो, आणि तो आहेही. तथापि दाखला देणारा सुताराच्या घरी वाढला होता. पाया म्हणजे काय हे त्याला चांगले ठाऊक असले पाहिजे.

असो. मालकाची परवानगी घेऊन अभियंत्याने मागच्या कोपऱ्याशी एक खड्डा खणविला. पाया तीन फुटांवर संपला होता. मुरूम त्याच्याही खाली अडीच फुटांवर लागला. नंतर त्याने ओळंबा सोडला: मागची भिंत अर्धा इंच बाहेर झुकलेली. नळीच्या पाणसळीने फरशी पाहिली: मागच्या कोपऱ्याकडे ती दीड इंच उतरलेली. खालच्या खांबांवर तो बुडापासून हातोडीने हळूहळू ठोकत वर गेला. वर टणटण आवाज येई, खाली मात्र बद्द. तेथला तळहाताएवढा गिलावा त्याने काढला आणि आतल्या सळईवरचा गंज नखाने सोलला. त्याचे पापुद्रे पापडासारखे हातात आले.

मग त्याने पिशवीतून एक बाटली काढली आणि खांबाच्या फोडलेल्या भागावर थोडे द्रव शिंपडले. ते मी ओळखले. फिनॉल्फ्थॅलीन! आम्लाच्या द्रावणात बिनरंगी राहणारे आणि अल्काच्या द्रावणात गुलाबी होणारे हे द्रव मी शेकडो मुलांना दाखविले आहे. घर पाहण्यासाठी ते उपयोगी पडते हे मात्र मला सत्तराव्या वर्षी कळले. त्यातली मेख अशी. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते, आणि त्या गुणामुळेच आतले लोखंड गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला म्हणजे हा गुण बाहेरून आत असा नाहीसा होत जातो. द्रव टाकल्यावर जेथवर गुलाबी रंग उमटतो तेथवर लोखंडाला कवच आहे. जेथे उमटत नाही तेथे कवच गेले. आमच्या खांबात गुलाबी रंग सळईच्या पलीकडे, आत खोलवर उमटला. म्हणजे सळई उघडी पडल्यासारखीच होती, आणि त्यावर दोनदा पुराचे पाणी बसले होते. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते; ती जागा ते काँक्रीट फोडून मिळविते. ज्या स्लॅबखाली आपण जेवावयास बसतो तिचे ढलपे पडतात ते याच कारणाने, आणि आपण त्यावर पुन्हा सिमेंट थापून पांढरा हात मारतो!

काँक्रीट किती कठीण आहे याचा अंदाज घेण्यासाठी त्याच्याकडे एक स्प्रिंगची हातोडी होती. ती पृष्ठभागावर दाबली की आतला दट्ट्या आपटून किती मागे उसळतो ते आकड्यात दिसते. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट या अभियंत्याने १९५०च्या सुमारास हे साधन प्रचारात आणले. नुसत्या या आकड्यावर विसंबू नये, हे आमच्या अभियंत्यानेच सांगितले, आणि मला तो माणूस तेथे आवडला. ज्याला आपल्या उपकरणाची मर्यादा ठाऊक आहे त्याचे बाकीचे बोलणे विश्वासाने ऐकावे.

शेवटी त्याने मंजूर नकाशा मागितला. नकाशा एका मजल्याचा होता. वरचा मजला नंतर चढविलेला. खालचे खांब एका मजल्यापुरतेच घातलेले.

येथे कोणी म्हणेल की घरे अशी पडत थोडीच असतात? पडतात. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून १९ माणसे दगावली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत पडून १६ गेली, आणि ती इमारत दहा वर्षांचीसुद्धा नव्हती. ज्यांनी तेथे घरे घेतली त्यांनीही नवा रंगच पाहिला असणार. आणि आपल्या अगदी जवळचे सांगावयाचे तर ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी या गावी सततच्या पावसाने जुन्या घराची भिंत कोसळली आणि सात जीव गेले, त्यांत लहान मुलेही होती. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. ती भिजली म्हणजे तिच्यातले बळ जाते, आणि जाताना ती फारशी सूचना देत नाही. म्हणून मातीच्या घरात सर्वांत आधी भिंतीचा माथा आणि भिंतीचे बूड पाहावे. माथ्यावर कौलांतून पाणी ठिबकते काय? बुडाशी दगडी जोते पुरेसे उंच आहे काय, की शेजाऱ्याचे सांडपाणी तेथेच जिरते?

दगडी भिंतीची परीक्षा निराळी. जुन्या दगडी भिंतीला पुष्कळदा आतले व बाहेरचे असे दोन पदर असतात आणि मध्ये कपच्या व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधणारे लांब, आरपार दगड नसले तर भूकंपात भिंत मधोमध उलगडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो लोक मेले ते बहुतांशी अशाच जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या वजनाखाली. आपण भूकंपापासून दूर आहोत असेही समजू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आपल्याकडील वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि २०१६ च्या भारतीय मानकात बेळगावची गणना भूकंपाच्या तिसऱ्या विभागात केलेली आहे.

आता कायद्याकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की दोष लपवून घर विकले तर कोर्ट बघून घेईल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम काय सांगते ते समजून घ्या. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. ‘साधारण काळजी घेऊनही’ या तीन शब्दांत सगळे आले. जो दोष तुम्ही डोळे उघडे ठेवून पाहिला असता तर दिसला असता, त्याविषयी तक्रार करावयास तुम्हांला फारशी जागा राहत नाही. कमरेइतका नवा गिलावा वहिनींना दिसला होता; तेव्हा तो दिसण्यासारखा नव्हता असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने बांधकामातील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर टाकली आहे हे खरे, पण ते त्या कायद्याखाली येणाऱ्या नव्या प्रकल्पांविषयी. एखाद्या गृहस्थाकडून जुने घर घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

दुसरी एक समजूत त्याहून घातक आहे. ‘बँकेने कर्ज मंजूर केले, बँकेचा माणूस घर पाहून गेला, म्हणजे घर चांगलेच असणार.’ बँकेचा माणूस येतो तो कर्ज बुडाले तर या मालमत्तेचे किती पैसे येतील हे ठरविण्यासाठी. तो पाया उकरीत नाही आणि खांब ठोकीत नाही. ते त्याचे कामच नव्हे.

परदेशांत ही गोष्ट रीतीचाच भाग झाली आहे. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांच्या बाबतीत विकणाऱ्यानेच तज्ज्ञाचा तपासणी-अहवाल तयार ठेवावयाचा असतो. अमेरिकेत घेणारा करारातच अशी अट घालतो की तपासणीत गंभीर दोष निघाला तर मी मोकळा. आपल्याकडे तसा सक्तीचा कायदा नाही, परंतु अट घालण्यास कोणी हात धरलेला नाही. विसाराच्या पावतीत एक वाक्य लिहून घ्यावे: ‘तीस दिवसांच्या आत अभियंत्याच्या तपासणीत बांधकामाचा गंभीर दोष आढळल्यास विसाराची संपूर्ण रक्कम परत केली जाईल.’ पावती कन्नडात असेल तर हे वाक्य कन्नडात असले पाहिजे, आणि ते तेथे खरोखरच लिहिले आहे याची खात्री कन्नड वाचणाऱ्या आपल्याच एखाद्या माणसाकडून करून घ्यावी. आमच्या चार ओळींच्या पावतीत हे वाक्य नव्हते.

अभियंता निवडताना विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचविलेला घेऊ नये. इमारतीच्या सांगाड्याचे काम जाणणारा असावा, नुसते नकाशे काढणारा नव्हे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, कोठूनही आणा. काँक्रीटची बारकाईने परीक्षा करावयाची झाल्यास दोन्ही शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करावी. विजेच्या तारा पाहण्यासाठी वेगळा वायरमन लागेल. घर एकदा उन्हाळ्यात आणि जमल्यास एकदा भर पावसात पाहावे. आषाढात जे घर कोरडे ते कोरडे. अहवाल बहुधा इंग्रजीत येतो, म्हणून अभियंत्याला समोर बसवून प्रत्येक दोष मराठीत समजावून घ्यावा, आणि तीन वाटे करावयास सांगावे: आजच धोक्याचे काय, दोनएक वर्षांत करावे लागेल ते काय, आणि नुसते दिसावयास वाईट असलेले काय. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगा या तिसऱ्या वाट्यात जातात. त्यांना भिऊन चांगले घर सोडू नये.

दादांच्या घराचा पहिला वाटाच तीन पानांचा निघाला. खांब दुरुस्त करावयास व पायाला आधार द्यावयास चार ते पाच लाख लागतील, असे अभियंत्याने लिहिले. आणि तोंडी सांगितले की नदी दुरुस्त करणे माझ्या हाती नाही. मालक किंमत कमी करावयास तयार होईना. “आम्ही राहिलोच ना इतकी वर्षे?” हा त्याचा प्रश्न. गावातले दोन वडीलधारे मध्ये पडले आणि विसारापैकी पन्नास हजार परत मिळाले. उरलेले पन्नास हजार गेले. दादांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्यामुळे मला ते अधिक लागले.

पुढच्या वर्षी त्यांनी उंचावरच्या एका गावात जुने कौलारू घर पाहिले. माझे मत विचारण्यात आले नाही. मी ते दिलेही नाही. तोच अभियंता आला. जोते घडीव दगडाचे, पाया मुरमावर, भिंती मातीच्या पण ठणठणीत कोरड्या. दोन वासे वाळवीने पोखरलेले निघाले. त्याने टोचा लावला तो मुठीपर्यंत आत गेला. मागच्या भिंतीशी शेजाऱ्याची मोरी वाहत होती आणि तेथे एक उभा तडा होता. एवढे दोष लिहून मिळाल्यावर मालकाने आपण होऊन साठ हजार उतरविले, शेजाऱ्याने मोरीला पाइप घालून दिला, आणि मृगापूर्वी वासे बदलून घर शाकारून झाले. त्या तड्यावर अभियंत्याने काचेची एक अरुंद पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली होती. भिंत हलली तर काच तडकेल म्हणून. दोन पावसाळे झाले. मी गेलो की वहिनी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी मला मागच्या अंगाला नेऊन ती काच दाखवितात.